सोनं, लसूण आणि लोहचुंबक

शाळेच्या कपाटातला पट्टीचुंबक बहुधा मेलेला असतो. लाल-निळा रंग शाबूत, टोकांवरची अक्षरं ठळक, पण टाचणी उचलायला लावली की लाज जाते. जुन्या पोलादी चुंबकांच्या जोडीबरोबर मऊ लोखंडाच्या दोन छोट्या पट्ट्या येतात, चुंबकांच्या टोकांना लावून ठेवण्यासाठी. त्या पहिल्याच वर्षी हरवतात. मग दोन्ही चुंबक डब्यात कसेही पडून राहतात, समान ध्रुव शेजारी शेजारी. वर्षातून एकदा फरशीवर आपटतात आणि हळूहळू विझतात. त्यानंतर सहावीच्या पुस्तकातली ‘चुंबकाची गंमत’ फळ्यावर होते. पट्टी काढायची, भोवती बलरेषा काढायच्या, पोरांनी त्या वहीत उतरवायच्या. ‘बलरेषा एकमेकींना छेदत नाहीत’ हे वाक्य ज्याला पाठ, त्याला गुण.

मी जळगाव जिल्ह्यात, तापीकाठच्या एका गावात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. माहेर धुळ्याचं. आमच्या आप्पांचं तिथे मोटारी भरायचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपांच्या मोटारी यायच्या आणि नवी तार भरून परत जायच्या. चुंबक मला पुस्तकाच्या आधी दुकानात भेटला, त्यामुळे माझं मत थोडं एकांगी असेल. शालेय भौतिकशास्त्रात चुंबकाइतका स्वस्त आणि शहाणं करणारा दुसरा विषय नाही, आणि आपण नेमका तोच पाठांतराला लावला आहे. त्याची किंमत ही पोरं मोठी झाल्यावर बाजारात मोजतात, रोख.

चुंबक विकत आणायचीही गरज नाही. जुना रेडिओ, टेपरेकॉर्डर, लग्नात फुटलेला स्पीकर, कशाच्याही पाठीला करडं-काळं जड कडं असतं. ते फेराइटचं, म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमच्या संयुगाबरोबर भाजून केलेलं. भंगारवाला ते हसत हसत देतो. ते हातात आलं की पुस्तकातलं पहिलं चित्र मोडतं. पोरं कड्याच्या कडांवर ध्रुव शोधत बसतात आणि सापडत नाहीत, कारण ध्रुव असतात त्याच्या दोन सपाट बाजूंवर. स्पीकरमधून काढताना कडं बहुतेक वेळा फुटतं. फुटू द्यावं. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन ध्रुव असतात, तो तुकडा फोडला तर त्याच्याही तुकड्यांना दोन. एकटा उत्तर ध्रुव वेगळा काढून आजवर कुणी दाखवलेला नाही. भले भले शास्त्रज्ञ अजून तो शोधताहेत, हे सहावीतल्या पोराला कळलं की त्याच्या हातातल्या फुटक्या तुकड्याचं वजन वाढतं.

ते कडं प्लास्टिकच्या पिशवीत घालून नदीच्या वाळूत फिरवावं. पांझरा, गिरणा, वाघूर, बोरी, तापी, कुठलीही नदी चालेल. पिशवी वर काढली की तिला काळी बारीक दाढी आलेली असते. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की सगळे कण एका झटक्यात खाली पडतात. पिशवी न वापरणाऱ्याला ते कण चुंबकावरून खरवडत अख्खी दुपार काढावी लागते. पूर ओसरल्यावर ओल्या काठावर काळ्या रेघा दिसतात, तिथे हे कण जास्त मिळतात, कारण ते बाकीच्या वाळूपेक्षा जड असतात आणि पाणी त्यांना मागे ठेवून जातं.

“मॅडम, रेतीमा लोखंड?” हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. “हाई काय शे?” असं म्हणत दुसरा ते बोटांवर चोळून बघायचा. ते मॅग्नेटाइटच्या जातीचं खनिज, थोडं टायटॅनियम मिसळलेलं. आपल्या काळ्या दगडात, बेसाल्टमध्ये, ते बारीक कणांच्या रूपात सगळीकडे असतं. दगड झिजतो, कण नदीत येतात. चुंबकाचा धडा सुरू होतो तो मॅग्नेस नावाच्या मेंढपाळापासून. त्याच्या काठीचं लोखंड म्हणे दगडाला चिकटलं. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या काठीचं टोक आपल्या दगडाला चिकटत नाही, तेवढा जोर त्यात नाही. पण चुंबक त्या दगडात आहे, आणि त्याची गोष्ट ग्रीसच्या गोष्टीपेक्षा फार मोठी आहे. तिच्याकडे मी पुढे येते.

आधी पारखण्याचं बोलू. मी वर्गात दोन सारख्या दिसणाऱ्या सळ्या द्यायची. एक चुंबक, एक साधं लोखंड. जवळ दुसरं काही नाही, टाचणी नाही, दोरा नाही. कुठली चुंबक ते सांगा. पोरं दोन्ही सळ्या टोकाला टोक लावतात, त्या चिकटतात आणि वर्ग अडकतो, कारण चुंबक लोखंडाला ओढतो तसंच लोखंडही चुंबकाला ओढतं. कुणीतरी मग एका सळीचं टोक दुसरीच्या मध्याला लावतं. चुंबकाच्या मध्याशी ओढ जवळजवळ नसते, सारा जोर टोकांशी असतो. टोक मध्याला चिकटलं तर हातातली सळी चुंबक, नाही चिकटलं तर खालची. हे ज्याला स्वतःहून सुचलं त्याला मी काही शिकवायचं शिल्लक उरत नसे.

त्याच्या पुढची पायरी प्रतिकर्षणाची. दोन वस्तू एकमेकींना ओढतात यावरून दोन्ही चुंबक आहेत हे सिद्ध होत नाही. त्या एकमेकींना ढकलतात, तेव्हाच दोन्ही चुंबक आहेत हे पक्कं होतं. पुस्तकात हे एका ओळीत आहे आणि पोरं ती ओळ पाठ करतात. त्या ओळीतला विचार मात्र कुणी उचलून दाखवत नाही: काही चाचण्या ‘हो’ सांगू शकतात, काही फक्त ‘नाही’ सांगू शकतात, आणि कुठली चाचणी काय सांगू शकते हे आधी ठरवावं लागतं.

जळगावच्या पोरांना हे समजवायला सराफ बाजारासारखी जागा नाही. या गावाला सुवर्णनगरी म्हणतात, लांबलांबून लोक सोनं घ्यायला येतात. मोबाइलवर एक सल्ला फिरत असतो: दागिन्याला चुंबक लावा, चिकटला नाही तर सोनं खरं. एका मुलीने वर्गात हे मोठ्या खात्रीने सांगितलं. तांब्याला चुंबक लाव म्हटलं. चिकटला नाही. पितळेच्या तांब्याला लाव, चांदीच्या पैंजणाला लाव. काहीच चिकटलं नाही. चुंबकाला जोराने धरणारे नेहमीच्या वापरातले धातू तीनच, लोखंड, निकेल आणि कोबाल्ट, आणि त्यांची मिश्रणं. बाकी बहुतेक सगळे न चिकटणाऱ्यांत. चिकटलं तर दागिन्यात भेसळ आहे असं म्हणता येईल, न चिकटलं तर काहीच म्हणता येत नाही. तेवढ्यात दुसरीने आईची साखळी आणली आणि तिच्या अडकवायच्या फाशाला चुंबक टकदिशी चिकटला. मुलगी पांढरी पडली. फाशाच्या आत पोलादाची बारीक स्प्रिंग असते, अस्सल सोन्याच्या साखळीतही असते. म्हणजे चिकटलं तरी नेमकं काय चिकटलं हे विचारावं लागतं. स्टीलच्या भांड्यांचं तर आणखीच गमतीचं. निकेल घातलेलं चांगलं स्टेनलेस स्टील चुंबकाला सहसा दाद देत नाही आणि निकेल नसलेलं स्वस्त स्टील चिकटतं. लोखंड दोन्हींत आहे. अणूंची मांडणी वेगळी, म्हणून वागणं वेगळं.

आता लसणाचं. युरोपात कित्येक शतकं शिकलेली माणसं लिहीत होती की लसूण चोळला तर चुंबकाचा गुण जातो. जुन्या ग्रंथात आहे म्हणून नव्या ग्रंथात. लसूण होता, चुंबक होता, पण चोळून बघायची तसदी फारशी कुणी घेतली नाही. १५८९ मध्ये इटलीच्या जांबातिस्ता देल्ला पोर्ताने ते करून पाहिलं आणि खोटं ठरवलं. १६०० साली इंग्लंडच्या राणीचा वैद्य विल्यम गिल्बर्ट याने ‘दे मॅग्नेते’ हा चुंबकावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही ही समजूत उडवून लावली. त्याच ग्रंथात पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे, हे त्याने मांडलं. खानदेशात लसणाची काय कमी? ठेचा करता करता दोन पाकळ्या बाजूला काढायच्या, कड्याला चोळायच्या, टाचण्या उचलायच्या. वर्गाला दोन दिवस वास येतो, एवढंच. पण ‘ग्रंथात लिहिलंय’ या वाक्याचं काय करायचं ते पोरांना कळतं.

मोटारीचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. दहावीच्या पुस्तकात जी मोटार आहे ती ब्रशची, विजेरीवर फिरणारी. गावच्या विहिरीवर तशी एकही नाही. तिथली मोटार थ्री फेजची, आणि ती उघडली तर आत कायमचा चुंबक सापडत नाही. स्टेटरच्या खाचांत तांब्याची तार, मधे रोटर, आणि त्या रोटरला बाहेरून कसलीही तार जोडलेली नाही. मग तो फिरतो कसा? आप्पा मोटार भरून झाली की रोटर बसवायच्या आधी स्टेटरला कमी दाबाची थ्री फेज वीज द्यायचे आणि आत बेअरिंगचा एक छर्रा सोडायचे. छर्रा आतल्या भिंतीला धरून गरगर पळायला लागायचा. ना हात, ना वारा. “हात नको लावू, नुसतं देख,” म्हणायचे. एखादी जोडणी उलटी झाली असेल तर छर्रा जागच्या जागी थरथरायचा, मग आप्पा वीज बंद करून पुन्हा तारा तपासत बसायचे. हे पोरांनी घरी करायचं काम नाही, पण भरणाऱ्याच्या दुकानात वर्ग नेऊन दाखवता येतं.

तारेतून वीज गेली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसलं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे १८३१ मध्ये फॅरेडेने दाखवलं. या दोन्ही गोष्टी त्या एका स्टेटरमध्ये एकाच वेळी चाललेल्या असतात. तीन फेजमधली वीज एकामागून एक चढते-उतरते, त्यामुळे चुंबकीय क्षेत्रच गोल फिरतं, दोन ध्रुवांच्या मोटारीत सेकंदाला ५० वेळा, म्हणजे मिनिटाला ३,००० फेरे. ते रोटरच्या दांड्यांत वीज उभी करतं आणि रोटर क्षेत्राच्या मागे धावतो. पण मोटारीच्या पाटीवर ३,००० लिहिलेलं नसतं, २,८८० वगैरे असतं. रोटर क्षेत्राला गाठू शकत नाही, कारण गाठलंच तर त्याच्या दृष्टीने क्षेत्र बदलायचं थांबेल, वीज थांबेल आणि जोरही थांबेल. एक फेज गेला असताना बटण दाबलं तर मोटार नुसती गुरगुरते, तापते आणि जळते. शेतकऱ्याच्या प्रत्येक पोराने तो आवाज अंधारात ऐकलेला असतो. तेव्हा क्षेत्र फिरत नसतं, एकाच रेषेत मागेपुढे होत असतं. स्टार्टरमधली कॉइल हाही विद्युतचुंबकच. वीज गेली की पट्टी सुटते, म्हणून वीज परत आली तरी मोटार आपणहून सुरू होत नाही आणि रात्री-बेरात्री कुणाला तरी शेतात जावं लागतं. त्यावर लोकांनी ऑटोस्विच काढले, ती वेगळी कथा. हे सगळं ज्याच्या घरी आहे त्या पोराला आपण कागदावरच्या मोटारीचे भाग ओळखायला लावतो.

जिनिंगमध्ये कापूस आत जायच्या आधी चुंबकावरून नेतात, कारण कापसात आलेला खिळा आत घासला आणि ठिणगी उडाली तर गंजीच्या गंजी पेटतात. जळगावच्या दालमिलांतही डाळीतला लोखंडाचा कण पकडायला चुंबक असतात. सहल न्यायचीच तर तिथे न्या.

आता बाजाराकडे. चुंबकाचं ब्रेसलेट, चुंबकाची गादी, बुटात घालायची चुंबकाची पट्टी, हे सगळं आपल्या तालुक्याच्या गावांत घरोघरी येऊन विकलं जातं. विकणारा सांगतो की रक्तात लोह असतं, चुंबक ते खेचतो, रक्ताभिसरण सुधारतं. तोच तर्क ‘उत्तरेकडे डोकं करून झोपू नये’ याला जोडला जातो: पृथ्वीचं चुंबकत्व म्हणे रक्तातलं लोह डोक्याकडे ओढतं. माझी आजीही उत्तरेला डोकं करू देत नसे. तिचं कारण गणपतीच्या गोष्टीतलं होतं आणि ती ते विज्ञान म्हणून कुणाला विकत नव्हती, त्यामुळे तिच्याशी माझं भांडण नाही. रक्तातलं लोह खिळ्यासारखं सुटं नसतं. ते हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं आणि ऑक्सिजन घेतलेलं रक्त चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं. किती किंचित, ते आकड्यांतून बघा. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४५ मायक्रोटेस्ला आहे. एमआरआयच्या नेहमीच्या यंत्राचं दीड टेस्ला, म्हणजे तीस हजार पटींहून जास्त. त्या यंत्रात माणूस अर्धा तास झोपतो आणि त्याचं रक्त एका बाजूला गोळा होत नाही. मग पलंगाची दिशा बदलून काय होणार आहे?

त्याच यंत्राची दुसरी बाजू मात्र पोरांना न चुकता सांगावी. रक्ताला काही होत नाही, पण लोखंडाला होतं. एमआरआयचा चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर त्या खोलीत नेलं गेलं, यंत्राने ते खेचलं आणि एका तरुणाचा जीव गेला. चुंबकत्वाचा धडा नीट झालेला माणूस त्या दाराशी थबकतो. छोट्या खेळण्यांतले नायोडिमियमचे चकचकीत चुंबक हीही तशीच गोष्ट. लहान पोराने दोन गिळले तर ते आतड्यांच्या दोन पदरांना चिमटीत धरतात आणि भोक पाडतात. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नये, पोराला तडक दवाखान्यात न्यावं.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात चुंबक आणखी एका रूपात येतो. तिकडे बोअरचं पाणी बरेच ठिकाणी क्षारांचं. ठिबकच्या नळ्यांची तोंडं चुन्याने बुजतात, शेतकऱ्याला ॲसिड सोडावं लागतं. माझ्या चुलतभावाने पाइपावर बाहेरून बसवायचं चुंबकाचं यंत्र घेतलं, कुठल्या कंपनीचं ते महत्त्वाचं नाही. पाणी मऊ होईल, केळी जोमाने येईल, घड जड भरेल, असं सांगितलं होतं. मी त्याच्याशी वाद घातला नाही, शाळेतलं क्षार मोजायचं छोटं मीटर दिलं. यंत्राच्या आधीचं पाणी आणि नंतरचं पाणी, आकडा तोच. आकडा तोच येणार, कारण विरघळलेलं कॅल्शियम पाइपातून बाहेर जायला दुसरी वाट नाही. वाहत्या पाण्यात चुना नळीला कसा चिकटतो यावर चुंबकाचा काही परिणाम होतो का, याबद्दल संशोधकांत वाद आहे आणि तो त्यांनी घालावा. पण क्षार कमी होतात हा दावा पोरगंही तपासू शकतं. पिकाचा दावाही तपासता येतो. दोन वाफे, एकच बी, दोन टाक्या, आणि कुठल्या टाकीत कुठलं पाणी हे मोजणाऱ्याला सांगायचं नाही. ही शेवटची अट विकणाऱ्याला कधी आवडत नाही. भाऊ मीटर परत द्यायला आला तेव्हा म्हणाला, “ताई, पैसे गेले ते गेले, पण हे मीटर कितीला मिळतं?”

मघाशी दगडाची गोष्ट राहिली. एक दाभण घ्या, पोती शिवायचं. त्याच्या तोलाच्या बिंदूला दोरा घट्ट बांधून टांगा, आडवं राहील असं. मग दोरा न सोडता दाभण चुंबकावर एकाच दिशेने पुन्हा पुन्हा घासा आणि परत टांगा. ते फिरून उत्तर-दक्षिण होतं, तेवढं सगळ्यांना माहीत असतं. पण नीट पाहिलं तर ते आता आडवंही राहत नाही, उत्तरेचं टोक खाली झुकतं. लंडनमध्ये होकायंत्रं बनवणारा रॉबर्ट नॉर्मन हाच झुकाव काढून टाकायला सुया कापत बसायचा. शेवटी वैतागून त्याने झुकावच मोजला आणि १५८१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर नसतात, त्या जमिनीत शिरतात. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाशी, तिरुनेलवेलीच्या आसपास, त्या जवळजवळ समांतर असतात. आपल्याकडे त्यांचा उतार तीस अंशांच्या आसपास आहे आणि ध्रुवाकडे जाल तसा तो वाढत जातो. दोऱ्याच्या गाठीमुळे दाभण पूर्ण तेवढं झुकत नाही, पण झुकलेलं डोळ्यांना स्पष्ट दिसतं. सुई किती झुकली यावरून आपण पृथ्वीवर किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत याचा अंदाज येतो, ही मोठी गोष्ट आहे.

आणि ती सुई आपल्या दगडात गोठलेली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. पोरं सहलीला अजिंठ्याला जातात तेव्हा त्याच लाव्ह्याच्या पोटात उभी असतात. धुळे-नंदुरबार भागात तर काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या लांबच लांब रांगा दिसतात. त्या म्हणजे भेगांत थिजलेला लाव्हा, भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. मुंबई आयआयटीतले हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या रांगांवर सविस्तर निबंध लिहिला आहे. वितळलेला लाव्हा हजार अंशांपेक्षा जास्त तापलेला असतो, तेव्हा त्यात चुंबकत्व टिकत नाही. शुद्ध मॅग्नेटाइटची मर्यादा ५८० अंश सेल्सियस, लोखंडाची ७७०. लालभडक तापवलेली सुई चुंबकपणा गमावते ती याचमुळे. लाव्हा थंड होता होता त्या मर्यादेखाली आला की त्यातले मॅग्नेटाइटचे कण त्या क्षणी पृथ्वीचं क्षेत्र जिकडे असेल ती दिशा आणि तो उतार धरून बसतात, आणि मग कोट्यवधी वर्षं सोडत नाहीत.

१९५० च्या दशकात लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टचे तुकडे नेऊन हे मोजलं. १९५६ मध्ये निबंध आला. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम बरीच वर्षं चाललं. दगडांच्या मोठ्या भागात सुई दक्षिणेकडे तोंड करून खाली झुकलेली सापडली, आणि आजच्यापेक्षा जास्त झुकलेली. याचा एकच सरळ अर्थ लागतो: तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते आणि ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, पार खाली होती. तुमची विहीर ज्या दगडात खोदली आहे तो दगड दक्षिण गोलार्धात जन्मला आणि हजारो किलोमीटर सरकत इथे आला, याचा पुरावा चुंबकाने दिला. खंड सरकतात हे तेव्हा अनेक शास्त्रज्ञ मानत नव्हते, ते मानायला लावणाऱ्या पुराव्यांत आपला काळा दगडही होता. आमच्या पुस्तकात हे भूगोलात येतं, चुंबकाच्या धड्यात येत नाही. का, ते मला कधी कळलं नाही.

याच दगडाचा दुसरा उपयोग पाण्यासाठी. मातीखाली दडलेली डाइक भूजल अडवते किंवा वळवते. चुंबकमापक घेऊन शेतात रेघेने चाललं तर ती कुठून जाते याचा माग लागू शकतो. पारोळा-अमळनेरकडे पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरतो आणि नारळ उभा राहिला की ‘जमिनीतलं चुंबकत्व’ म्हणतो. चुंबकत्व खरंच आहे हो, पण नारळ ते मोजत नाही. उंच टेकडीवर जिथे वीज पडून गेली आहे तिथला बेसाल्ट कधीकधी इतका चुंबकीय होतो की होकायंत्राची सुई बावचळते. लळिंगच्या किल्ल्यावर सहल गेली तर होकायंत्र हातात ठेवावं आणि दगडाजवळ नेऊन बघावं. कुठेतरी सुई वळली तर पोरं घरी जाऊन तेच सांगतील.

आणि महाराष्ट्राला तर या विषयाची मोठी परंपरा आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजत होते. १८५९ च्या सप्टेंबरातल्या प्रचंड सौर वादळाची नोंद तिथे झाली. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने नाजूक मापनं बिघडणार, हे ओळखून वेधशाळेचे पारशी संचालक नानाभाई मूस यांनी काम अलिबागला हलवलं. १९०४ मध्ये तिथे लोखंड न वापरता, पोरबंदरच्या दगडाची इमारत उभी राहिली. १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मापन करून आकडे जुळवून घेतले गेले, तेव्हा कुठे कुलाबा बंद झालं. ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागचं मापन आजही चालू आहे. प्रयोगाची काळजी म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते परदेशातलंही नाही.

माझी मागणी साधी आहे. दहावीला विज्ञानाचे वीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. त्यात चुंबकाचा एक तरी असा प्रश्न असावा ज्याचं उत्तर वहीत आधी लिहिलेलं नाही. दोन सळ्या ठेवा, चुंबक कुठला सांगायला लावा. एक दागिना, एक नाणं, एक वाटी ठेवा, आणि चुंबकाने यांच्याबद्दल काय सांगता येतं, काय सांगता येत नाही ते विचारा. जाहिरातीतलं एक वाक्य द्या आणि ते तपासायचा प्रयोग मांडायला सांगा, उत्तर काय येईल ते नको, प्रयोग कसा कराल तेवढंच. शिक्षक म्हणतील वेळ नाही, वर्गात साठ पोरं आहेत. खरं आहे, मीही त्याच वर्गात उभी राहिले आहे. पण साठ पोरांना बलरेषांचं चित्र काढायला दोन तास जातात आणि साठ पोरांनी चार फुटक्या स्पीकरांशी झटापट करायलाही दोनच तास लागतात. दुसऱ्यात गोंगाट जास्त होतो. मुख्याध्यापकांना सांगून ठेवावं लागतं.